फोनमधला शेजार

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'समाजमाध्यमे आणि आपण' असा भारदस्त विषय दिला आहे. मी काही त्यातील जाणकार नव्हे. माझ्या नातवाला विचाराल तर तो सांगेल, की आजीने पाठविलेला प्रत्येक फोटो मान वाकडी करून पाहावा लागतो. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझ्या बाबतीत जे घडले तेवढेच सांगते. आत आंब्याची डाळ आणि पन्हे तयार आहे, याची मलाही आठवण आहे.

२००७ साली भाचीने मला ऑर्कुटवर नेऊन बसविले. तिथे एकमेकींच्या पानावर निरोप लिहायचा असे. मी आपली समजले, की हे आंतर्देशीय पत्र. चिकटविले की झाले. म्हणून तिच्या पानावर मी लिहून ठेवले, "स्थळ चांगले आहे, पत्रिकाही जुळते, मुलाचे केस तेवढे विरळ आहेत." ते तिच्या साऱ्या कॉलेजाने वाचले! आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पोस्टकार्डावर घरचे काही लिहू नये, हे माझ्या आईने मला दहाव्या वर्षीच शिकविले होते. पण यंत्र नवे दिसले, की आपण जुने शहाणपणही विसरतो. २०१४ साली ते ऑर्कुट बंद झाले आणि ते विरळ केसही त्याबरोबर गेले. (लग्न मात्र त्याच मुलाशी झाले.)

पुढे फेसबुक आले. त्याचे ऋण मी कधी विसरणार नाही. माझे माहेर पंढरपूरचे. शाळेत एका बाकावर बसणारी माझी मैत्रीण लग्न होऊन गेली ती गेलीच. पुरुषांचे बरे असते. नाव तेच, आडनाव तेच. आपले आडनाव तर बदलतेच, आणि पुष्कळ जणींचे सासरी पाऊल टाकल्याबरोबर नावही तांदळाच्या ताटात नवे लिहिले जाई. मग अशा बाईला शोधायचे कोणत्या नावाने? २०१२ साली एक दिवस पाहते तो इंदूरच्या कोणा बाईंनी नव्या नावापुढे माहेरचे नाव जोडलेले! अडतीस वर्षांनी आम्ही दोघी बोललो, आणि पहिली दहा मिनिटे नुसत्या रडलो. फोनवर येऊ पाहणाऱ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे, की माहेरचे नाव अवश्य लिहा. कोणीतरी आपल्याला शोधत असते.

२०२० सालच्या टाळेबंदीत या फोनवरच आपण भजने म्हटली. प्रत्येकीची टाळी वेगळ्या वेळी पडत होती. ते आपणा सर्वांना आठवतेच. असो.

आता जे सांगावे की नाही असे दोन दिवस मनात चालले होते, ते सांगते.

जून २०१८ मधली गोष्ट. भाजी घेऊन येत होते, तो फोनवर निरोप आला. मुले पळविणारी मोठी टोळी शहरात उतरली आहे, भिकारी आणि फेरीवाल्यांच्या वेशात हिंडते आहे, सावध राहा. सोबत एक चित्रफीत होती : मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. माझ्या छातीत धस्स झाले. पिशवी कोपराला अडकवून मी तो निरोप तिन्ही गटांना पाठविला : माहेरच्या, आपल्या मंडळाच्या आणि आमच्या इमारतीच्या. घरी येऊन भाजी निवडताना आपण काहीतरी पुण्यकर्म केले असे वाटत होते.

आमच्या गल्लीत एक बोहारीण कित्येक वर्षे येत असे. त्या दिवसांत तिच्याबरोबर तिचा तीन वर्षांचा नातू असे, चांगला गोरागोमटा. आमच्या पायरीवर बसून तो लाडू खाई. त्याच गुरुवारी ती आली, तेव्हा नव्या रखवालदाराने तिला फाटकाशी अडविले. चार माणसे जमली. "हे पोर कोणाचे? तुझे दिसत नाही." कोणी तिचे फोटो काढले, कोणी कागद मागितले. पोर रडू लागले, तसा संशय वाढला. तिला हाकलून दिले. मी तेव्हा बँकेत होते. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी मला सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले आणि म्हणाल्या, "तुमचा निरोप वेळेवर आला म्हणून बरे!"

मी म्हटले, "हो ना, बरे झाले." ती बोहारीण कोण, हे विचारण्याचेही मला सुचले नाही.

तीन दिवसांनी, रविवारी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसे ठेचून मारली. मुले पळविणारे समजून. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती, बहुतेक मंगळवेढ्याकडली, पोटासाठी भिक्षा मागत हिंडणारी. त्याच दिवशी आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावी जमावाने अशाच संशयावरून एका कुटुंबाला घेरले. पोलिसांनी त्यांना सोडविले म्हणून ते वाचले.

मंगळवेढे म्हणजे आमच्या पंढरपूरच्या शेजारचे. लहानपणी सकाळी डवर वाजवीत गोसावी दारी येत, आणि त्यांच्या झोळीत पीठ घालण्याचे काम माझे असे. आई म्हणे, "ओंजळ भरून घाल, चिमटीने नको." वर्तमानपत्र हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. मग वहिनींना विचारले, "गुरुवारी हाकलली ती कोण?" तेव्हा कळले.

ती चित्रफीतही खरी नव्हती. कराचीतल्या एका संस्थेने आईबापांनी मुलांवर लक्ष ठेवावे म्हणून केलेला तो बोधपट होता. त्यात शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच जुलैत भारतात एकदम पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठविता येऊ नये अशी व्यवस्था व्हॉट्सॲपवर झाली. मी तीनच ठिकाणी पाठविला होता. म्हणजे तो नियम मला आडवा आलाच नसता.

मी तिन्ही गटांवर लिहिले, की तो निरोप खोटा होता, पाठविणारी मी होते, माझी चूक झाली. मंडळातून बारा अंगठे आले. माहेरच्या गटातून एका वडीलधाऱ्यांनी लिहिले, "सावध राहिलेले काय वाईट?" इमारतीच्या गटावर काहीच आले नाही; थोड्या वेळाने पाण्याच्या टाकीविषयी बोलणे सुरू झाले.

बोहारीण दिवाळीनंतर आली, तीही मागच्या गल्लीत. मी हाक मारून आणली. रखवालदाराला सांगून फाटक उघडविले. आमच्या ह्यांचे दोन लोकरी कोट काढून दिले. तिने अस्तर उलटून पाहिले, कसर लागली आहे म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे पातेल्यावर झाकण द्यायला कां कूं केले. मी विचारले, "नातू कुठे?"

"गावाला ठेवलाय," ती म्हणाली. "हितं नको वाटतं."

मला सांगायचे होते. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात ती टोपलीला हात घालून म्हणाली, "बाई, जरा हात लावा." मी टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली. ती फाटकाबाहेर गेली.

ती अजून दोन-तीन महिन्यांनी येते. नातू शाळेत जातो म्हणते. तिला मी अजून सांगितलेले नाही. आज प्रथमच तुमच्यासमोर हे उघड बोलले. पुढच्या खेपेस ती आली, की तिलाही पायरीवर बसवून सांगणार आहे.