मैदान बंद करू नका

(नवरात्रात पालेगाव, अंबरनाथ येथे किशोरी मुली आणि त्यांच्या आयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



नवरात्रात आपण दरवर्षी एकत्र जमतो. गाणी म्हणतो, फेर धरतो. आज फेर धरण्याआधी मला थोडा वेळ द्या. एका खेळाडू मुलीची आठवण काढायची आहे. तीही नवरात्रातच गेली.

१२ ऑक्टोबर २०२१. पुण्याच्या बिबवेवाडीत संध्याकाळी काही मुली कबड्डीचा सराव करत होत्या. त्यातल्या एका मुलीवर कोयत्याने वार झाले आणि ती तिथेच गेली. चौदा वर्षांची होती, आठवीत शिकत होती. पोलिसांनी नात्यातल्याच एका तरुणाला अटक केली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे आले, 'एकतर्फी प्रेमातून हत्या'.

मी तिचं नाव इथे घेणार नाही. पेपरांनी ते तेव्हा भरपूर छापलं, फोटोही छापले. तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय आपण ते पुन्हा पुन्हा उच्चारू नये असं मला वाटतं. मी तिला कधी भेटले नव्हते. पण आपल्या पालेगावच्या मुलींनी तिचा पेपरातला फोटो कापून वहीत ठेवला होता. त्यांची ती कोणी लागत नव्हती. पण तीही चढाई करायची आणि याही करतात, तेवढं नातं त्यांना पुरेसं होतं.

'खून झालेली मुलगी' एवढीच तिची ओळख आपल्याकडे उरली, याचं मला वाईट वाटतं. चौदा वर्षांची मुलगी कबड्डी खेळते म्हणजे काय करते ते जरा आठवा. मधली रेषा ओलांडून एकटी समोरच्या सात जणींच्या अंगणात शिरते. तीस सेकंद दम धरते. ढोपरं सोलवटतात, कोणी पाय धरतं, कोणी कमरेला मिठी मारतं, आणि ती रेषेकडे हात लांबवते. आपल्या मुलींना लहानपणापासून अंग चोरून चालायला शिकवलेलं असतं. त्या अंगावर भरवसा ठेवायला हा खेळ शिकवतो. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. तो भारताने जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. बिबवेवाडीची मुलगी त्याच वाटेवर पहिली पावलं टाकत होती. ती कुठवर पोचली असती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आपण गमावलं ते हे.

आता आपल्या गावातलं बोलते. तेव्हा आपल्या संघात अकरा मुली होत्या. ती बातमी आली त्या आठवड्यात चार उरल्या. एक काकू मला स्पष्ट म्हणाल्या, "ताई, तुमचं म्हणणं पटतं हो. पण पोरगी माझी आहे." त्यांना मी काय उत्तर देणार? त्यांची भीती खोटी नव्हती. इथे एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींची कामं. मधल्या रस्त्यावर दिवे कधी असतात, कधी नसतात. मी स्वतः त्या रस्त्याने पावलं उचलत चालते.

पण ही भीती आजची नाही. माझं आजोळ उल्हासनगरचं. ३० मार्च १९९० रोजी उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात, पेपर चालू असताना, रिंकू पाटील या विद्यार्थिनीला पेटवून देण्यात आलं. तुमच्यापैकी वयाने मोठ्या बायकांना तो दिवस आठवत असेल. मी तेव्हा पाळण्यात होते. माझी धाकटी मावशी नववीत होती. आजोबांनी तिची शाळा बंद केली. दहावीला बसवलंच नाही. दोन वर्षांत लग्न लावून दिलं. आजोबा दुष्ट नव्हते, त्यांचा मुलीवर जीव होता. मावशी आजही कुठल्याही फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'नववी' लिहिताना पेन थांबवते. रिंकूला मारणाऱ्याने माझ्या मावशीचं नावही ऐकलं नव्हतं. तरी तिच्या आयुष्याची वाट त्याने बदलली. ती बदलायला आपल्याच माणसांनी मदत केली.

१९९० सालीही पेपरांनी 'एकतर्फी प्रेम'च म्हटलं आणि २०२१ सालीही तेच. एकतीस वर्षांत मथळा बदलला नाही. मैत्रिणींनो, जी नाही म्हणते तिला जगू द्यायचं नाही, याला प्रेम म्हणू नका. ही मालकी आहे. माझी नाही तर कोणाची नाही, असं माणूस वस्तूबद्दल बोलतो. आपण निदान आपल्या तोंडून तरी हा शब्द काढून टाकू या.

आता एक दूरची गोष्ट सांगते. कॅनडात ओटावा शहरात रोवन स्ट्रिंगर नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. आपल्या कबड्डीसारखाच अंगाला अंग भिडवणारा खेळ. आपल्याकडेही मुली तो खेळतात. पुण्याची वाहबिझ भरूचा भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली.

२०१३ सालच्या मे महिन्यात आठवड्याभराच्या आत रोवनच्या डोक्याला सामन्यांत पुन्हा पुन्हा मार बसला. डोकं दुखत होतं. मेंदूला मार बसला की काय होतं, हे तिने इंटरनेटवर शोधून पाहिलं होतं. मैत्रिणीला संदेश पाठवून सांगितलंही होतं. आईवडिलांना आणि प्रशिक्षकाला मात्र सांगितलं नाही. ती पुढच्या सामन्याला उतरली, पुन्हा डोक्यावर आपटली, आणि १२ मे रोजी गेली. आधीचा मार भरून आलेला नसताना दुसरा बसला की मेंदूला सूज येते आणि ती जिवावर बेतते.

या दोन मृत्यूंत मोठा फरक आहे, हे मला माहीत आहे. एक अपघात होता, दुसरा खून. त्यांची बरोबरी मी करत नाही. पण रोवनच्या गोष्टीतली एक गोष्ट मला सोडत नाही. तिने मैत्रिणीला सांगितलं, मोठ्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर काय होतं? खेळ थांबतो, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं.

आपल्या मुलीही नेमकं हेच करत नाहीत का? कोणी मागे मागे येतो, नाक्यावर थांबतो, फोन करून सतावतो, हे कोणाला सांगतात? मैत्रिणीला. आईला नाही. कारण सांगितलं की शिक्षा तिलाच. शाळा बंद, क्लास बंद, मैदान बंद, मोबाईल काढून घेतला. तो मात्र नाक्यावर उभाच. मुली लपवतात म्हणून आपण त्यांना रागावतो. पण तोंड उघडण्याची किंमत आपण एवढी चढी ठेवली आहे, त्याचं काय?

हे मी तुम्हाला शिकवायला सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. पुण्याच्या घटनेनंतर उरलेल्या चार मुलींपैकी एकीच्या मागे कोणी मोटारसायकलवरून येत होता. तिने मैत्रिणीला सांगितलं आणि मैत्रिणीने मला. मी शिकले-सवरलेली, समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. मी काय केलं? त्या मुलीशी एक शब्द न बोलता थेट तिच्या आईला गाठलं. पोलिसांत जायचं टाळलं, म्हटलं गावात बोभाटा नको. आठ दिवसांत मुलगी आजीकडे गावी रवाना झाली. तिथे शाळा लांब होती. ती परत आली नाही. कबड्डीत बाद झालेला खेळाडू आपल्या संघाला गुण मिळाला की पुन्हा आत येतो. या मुलीला आम्ही आत आणू शकलो नाही. ती जिवंत आहे, सुखरूप आहे, असं मी स्वतःला समजावते. पण तिला बाद कोणी केलं, हा प्रश्न काही सुटत नाही.

रोवन गेल्यावर तिच्या आईवडिलांनी मुलींचं रग्बी बंद करा अशी मागणी केली नाही. त्यांनी विचारलं, हे टाळता आलं असतं का? २०१५ साली तिच्या मृत्यूची चौकशी झाली, ज्युरीने ४९ शिफारशी केल्या. २०१८ साली ओंटारिओ प्रांताने तिच्या नावाने कायदा केला. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर घ्यायचं आणि वैद्यकीय परवानगीनंतरच टप्प्याटप्प्याने परत खेळात आणायचं. खेळाडू, पालक, प्रशिक्षक, सगळ्यांनी दरवर्षी याची माहिती वाचायची. सप्टेंबरचा शेवटचा बुधवार तिथे तिच्या नावाने पाळला जातो. एका मुलीच्या मृत्यूनंतर मोठ्यांनी स्वतःसाठी नियम केले. आपल्याकडे मुलीच्या मृत्यूनंतर मुलींसाठी नियम होतात.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. पाठलाग करणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीचा लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग करणं २०१२ च्या पोक्सो कायद्याखालीही गुन्हा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने जास्त कडक शिक्षांचं शक्ती विधेयक मंजूर केलं, ते प्रत्यक्षात कायदा झालं नाही. शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या बदलापूरला दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोकांना रुळांवर उतरावं लागलं, तेव्हा कुठे या समित्यांची चौकशी सुरू झाली. फाशी द्या म्हणून आपण ओरडतो. ती मागणी घटना घडून गेल्यावरची आहे. घटनेच्या आधीचे महिने, जेव्हा तो नुसता मागे मागे येत असतो, त्या महिन्यांचं काय करायचं हे आपल्याला गावातच ठरवावं लागेल.

म्हणून आपल्या संघाने चार गोष्टी ठरवल्या आहेत. आज सगळ्यांसमोर सांगते.

पहिली: जी मुलगी सांगेल तिचा खेळ बंद होणार नाही. तिच्या आईने हा शब्द आधी द्यायचा, मगच मुलीचं नाव संघात लिहायचं.

दुसरी: मैदानावरून एकटी कोणी घरी जाणार नाही. पकड करताना साखळी धरतो तशा जोड्या करून जायचं. दररोज दोन आया मैदानावर बसतील. आजवर एकाही बापाने पाळी घेतलेली नाही, तेही आता लिहून ठेवणार आहोत.

तिसरी: मला कोणी काही सांगितलं तर मी आधी त्या मुलीशीच बोलेन. पोक्सोचा गुन्हा झालेला असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने मला बंधनकारक आहे, हे मी लपवणार नाही. पण तिच्या पाठीमागे काही करणार नाही. पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जाईन. मुलांसाठीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२, हे दोन नंबर प्रत्येकीला पाठ पाहिजेत.

चौथी: मुलग्यांशी बोलायचं. शेजारच्या मैदानात क्रिकेट खेळणारे मुलगे आपलेच भाऊ, भाचे आहेत. नकार पचवायला त्यांना कोणी शिकवलं आहे का? त्यांची पहिली बैठक आम्ही घेतली. सात जण आले, तिघं मधेच उठून गेले. चौघं बसले. तिथून सुरुवात आहे.

या चार गोष्टींनी सगळं सुरक्षित होईल असं आश्वासन मी देऊ शकत नाही. दिलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. रस्त्यावरचे दिवे, पोलिसांची गस्त, वेळेवर घेतलेली तक्रार, हे मागावंच लागेल. त्या अर्जावर आज सह्या करून जा.

माझ्या मावशीला मी आज इथे बोलावलं आहे. ती मागे बसली आहे. मुलींचा सामना तिनेच सुरू करून द्यावा अशी आमची इच्छा आहे. आज संघात नऊ मुली आहेत. त्यातल्या एकीची आई म्हणजे, "पोरगी माझी आहे" म्हणणाऱ्या त्याच काकू. त्यांनी गेल्या महिन्यात धाकटीला स्वतः मैदानावर आणून सोडलं. मी काही विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "थोरली अजून रुसलीय माझ्यावर."

बिबवेवाडीच्या त्या मुलीसाठी आपण दोन मिनिटं उभ्या राहू. मग सामना सुरू करू. तिची आठवण मैदानावरच ठेवू या.