ब्राह्मीचे पाणी



  द्रव्यगुणशास्त्रातल्या अलीकडच्या कामाचा आढावा माझ्या छापील अध्यक्षीय भाषणात आहे. त्याची प्रत आपल्या पिशवीत घातली आहे, ती सवडीने वाचावी. इथे उभी आहे तोवर मला एकच गोष्ट बोलायची आहे. माझा व्यवसाय ४२ वर्षांचा, आणि त्यातली निदान २० वर्षे ती मनात साठून आहे.

काल दुपारच्या परिसंवादात आपल्या वैद्यमंडळींत ब्राह्मी कोणती, यावर दीड तास वाद झाला. पाणथळीत पसरणारी, जाडसर बारीक पानांची नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी, हीच खरी ब्राह्मी, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणाली, महाराष्ट्रात आजीपणजीपासून ब्राह्मी म्हणून जी घरोघरी वापरली ती गोल पानांची मंडूकपर्णी, आपल्या जुन्या पुस्तकांतला कारिवणा. बंगाल आणि केरळ पहिल्या बाजूला, आपण आणि हिमालयाकडचे लोक दुसऱ्या. ग्रंथांचे आधार दोघांनीही दिले. चरकांच्या चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस, म्हणजे ताजा पिळलेला रस आहे, ब्राह्मी नाही. ब्राह्मीघृत येते ते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, चिकित्सेत. सुश्रुतांनी दोन्ही वेगवेगळ्या सांगितल्या. भावमिश्रांनी दोघींना शेजारी बसवून गुणांत सारखे ठरवले आणि तेव्हापासून गोंधळ वाढला. आज आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला, असे स्वच्छ लिहिलेले आहे. या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, कुळेही वेगळी. माझ्यापुरता हा वाद पहिल्या वर्षातच मिटला. आमच्या गुरुजींनी दोन्हींची पाने तळहातावर ठेवली आणि चावायला लावली. एक पान लांब देठाचे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बोथट दाते असलेले. दुसरे बिनदेठाचे, घोळूच्या भाजीसारखे मांसल, शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. ते असे कडू की तासभर जीभ दुसरी चव घेईना. “आता विसरशील का?” गुरुजी म्हणाले. नाही विसरले.

पण मला खरा धडा दिला तो कोकणातल्या एका आजींनी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या नातवाला घेऊन आल्या होत्या, सोबत पदरात बांधलेली हिरवी जुडी. “ही ब्राह्मी मी याला रोज देते, चालेल ना?” मी पाहिले तर मंडूकपर्णी. नवी पदवी, नवा उत्साह. मी त्यांना नाव चुकल्याचे पाच मिनिटे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “नाव तुम्ही म्हणाल ते, बाई. पण ही आमच्या विहिरीच्या पाटावरची आहे. खाली गुरं धुतात, तिथली मी कधी काढत नाही.”

माझ्या हातून नाव चुकत नव्हते. त्यांच्या हातून पाणी चुकत नव्हते. तेव्हा मला हे कळले नाही, हे कबूल करते. पुढे बरीच वर्षे मी काष्ठौषधींच्या एका व्यापाऱ्याकडून ओली नीरब्राह्मी घेत होते. गोणपाटात गुंडाळून पहाटे यायची, टवटवीत, ओळख बिनचूक. मी ती दोनदा धुऊन घ्यायची, स्वरस काढायची, गाईच्या तुपात ब्राह्मीघृत सिद्ध करायची. एकदा त्याची गाडी बंद पडली म्हणून मीच माणसाबरोबर माल आणायला गेले. शहराच्या टोकाला धातूला मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांची रांग, त्यांच्या मागे नाला. काठाच्या चिखलावर आमची ब्राह्मी गालिच्यासारखी पसरलेली, बारीक पांढरट-निळी फुले आलेली. आणि चार हातांवर एका नळातून पाणी येत होते, त्यावर रंगीत तवंग. दोन जुड्या मी प्रयोगशाळेत पाठवल्या. शिसे मर्यादेच्या वर निघाले.

ज्या मुलांना मी तो स्वरस दिला होता, त्यांची नावे माझ्या वहीत होती. त्या रात्री मी ती वही उघडली आणि मिटली.

आपल्यातले काही म्हणतील, धुऊन घेतली की झाले. माती धुतली जाते, मंडळी. मुळावाटे पेशीत शिरलेले शिसे धुतले जात नाही, उकळून उडत नाही, तुपात जळत नाही. जंतू मरतात, धातू मरत नाही. ओली ब्राह्मी वाळली की वजन दशमांशावर येते. पाणी जाते, धातू तिथेच राहतो. ही वनस्पती कॅडमियम, शिसे, क्रोमियम, पारा साठवून ठेवते, हे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकातच दाखवले. घाण पाणी साफ करायला हिचा उपयोग होईल का, असा त्यांचा विचार होता. म्हणजे जिचा गुण विष शोषून घेण्याचा, तीच आपण नाल्याकाठून उपटून लहान मुलाच्या बुद्धीसाठी पिळून देतो.

आपल्या शास्त्राला हे माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये. चरकसंहितेत, काम्पिल्य नगरीत गंगेच्या काठी फिरताना, पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की जनपद उद्ध्वस्त होण्याआधी, भूमीचा रस बिघडण्याआधी औषधी गोळा करून ठेव. बिघडलेल्या पाण्याची लक्षणेही तिथे आहेत: वास, रंग, चव, स्पर्श विकृत झालेला, जलचर आणि पक्षी सोडून गेलेले. सुश्रुतांनी औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी यासाठी स्वतंत्र अध्याय दिला. हे सगळे आपण परीक्षेला लिहितो, गुण मिळवतो आणि गोणपाट उघडताना विसरतो.

फार्माकोपियात जड धातूंच्या मर्यादा आहेत: दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. परदेशी जाणाऱ्या वनौषधींच्या तयार औषधांना ही तपासणी २००६ पासून सक्तीची झाली. आणि आपण दवाखान्यात आपल्याच गावच्या मुलाला पिळून देतो त्या रसाला? काही नाही. याची मला चीड येते. ऑस्ट्रेलियात २००१ आणि २००२ साली स्मरणशक्तीवर बॅकोपाच्या चाचण्या झाल्या, त्यांचे आकडे आपण प्रत्येक व्याख्यानात पडद्यावर दाखवतो. त्या चाचण्या प्रमाणित अर्काच्या होत्या. तो पुरावा नाल्याकाठच्या जुडीला लागू होत नाही. १९६०च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ब्राह्मीतले बॅकोसाइड हे कार्यकारी द्रव्य वेगळे काढले, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण अर्कात बॅकोसाइड किती, हे विचारणारा वैद्य शिसे किती, हे का विचारत नाही?

तयार औषधे घेणाऱ्यांनी कंपनीकडून प्रत्येक खेपेचा अहवाल मागावा. ओली वनस्पती वापरणाऱ्यांनी वहीत एक रकाना वाढवावा: पाणी कुठले. जिल्ह्या-जिल्ह्यात स्वच्छ पाणथळ जागांची यादी व्हावी, असे मला फार वाटते. कोकणातल्या भातखाचरांचे बांध आहेत, देवराईतल्या कुंडांचे काठ आहेत. यादी कोणी करायची, कशी, हे पुढच्या वर्षी बसून ठरवू. खर्चाचा प्रश्नही आहेच. एकट्या वैद्याला प्रत्येक जुडी तपासणे परवडत नाही, हे मी जाणते. चार-सहा जणांनी मिळून एका शेतकऱ्याकडून लागवड करून घेतली तर कदाचित जमेल.

तोवर एक गोष्ट मात्र प्रत्येकाला आजच करता येईल. ब्राह्मीला बी लागत नाही, बोटभर काडी पुरते. उथळ पसरट कुंडीत चिखल करायचा, काडी आडवी दाबायची, तिच्या पेराला आपोआप मुळे फुटतात. पिण्याचे पाणी घालायचे, कुंडी कधी कोरडी पडू द्यायची नाही. माझ्या दवाखान्यामागे अशा आठ कुंड्या आहेत आणि गेली २० वर्षे स्वरसासाठी मी बाहेरची ब्राह्मी घेतलेली नाही. काल निघताना त्यातल्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आहेत. जेवणाच्या मंडपात, डाव्या हाताच्या टेबलावर त्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने दोन-दोन न्याव्यात.