लाकडी खोक्यावरील शिक्का आणि निर्यातीचे अर्थकारण

परकीय व्यापाराचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांचे लक्ष विनिमय दर, आयात शुल्क आणि व्यापार तोल यांकडे जाते. माल ज्या लाकडी पॅलेटवर रचून किंवा ज्या खोक्यात भरून जहाजावर चढतो, त्याचा विचार क्वचितच होतो. मात्र या खोक्यावर ठरावीक शिक्का नसेल, तर आतील यंत्रसामग्री कितीही उत्तम असली तरी ती परदेशातील बंदरावर अडकून पडते. हा नियम समजला की व्यापारातील बिगर-शुल्क अटींचा बराचसा भाग उलगडतो.

या नियमाचे मूळ किडीत आहे. खोक्यांसाठी सहसा स्वस्त व कच्चे लाकूड वापरले जाते. सालीखाली आणि गाभ्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या व सूत्रकृमी जिवंत राहतात आणि मालाबरोबर समुद्र ओलांडतात. 1996 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपल वृक्षांवर आशियाई लांबशिंगी भुंगेरा आढळला. 1998 साली तो शिकागोतही सापडला. आशियातून आलेल्या मालाच्या लाकडी वेष्टनातून त्याने प्रवेश केला असावा, असे मानले जाते. तो हटविण्यासाठी हजारो झाडे तोडावी लागली. हा भार तेथील सार्वजनिक तिजोरीवर आणि नागरिकांवर पडला. खोका बनविणाऱ्याला मात्र त्याची झळ पोहोचली नाही. अर्थशास्त्रात ज्याला नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. 1999 साली पोर्तुगालमध्ये पाइन वृक्ष वाळविणारा सूत्रकृमी आढळला आणि युरोपही सावध झाला.

अमेरिकेने 1998 च्या अखेरीस चीनमधून येणाऱ्या लाकडी वेष्टनांवर प्रक्रियेची सक्ती केली. प्रत्येक देशाने असे वेगवेगळे नियम केले असते, तर निर्यातदाराला देशागणिक निराळा खोका बनवावा लागला असता. त्यामुळे 2002 साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली 'आयएसपीएम-15' हे समान मानक स्वीकारण्यात आले. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 पासून लागू झालेल्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्य विषयक कराराने याच संस्थेची मानके प्रमाण मानली असल्याने त्यास वजन प्राप्त झाले. भारत या वनस्पती संरक्षण कराराचा 1952 पासून सदस्य आहे.

मानकाची मुख्य अट अशी, की लाकडाच्या गाभ्यासह संपूर्ण जाडीत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे टिकले पाहिजे. येथे परीक्षार्थींची नेहमी गफलत होते. हे तापमान भट्टीतील हवेचे नसून लाकडाच्या आतले आहे. हवा लवकर तापते, जाड ओंडका सावकाश तापतो. म्हणून तापमापक जाड तुकड्यांच्या गाभ्यात बसवून नोंद ठेवली जाते आणि अर्ध्या तासाच्या अटीसाठी भट्टी प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळ चालवावी लागते. लाकूड सोललेलेही असले पाहिजे; सालीचे किरकोळ तुकडेच तेवढे चालतात. प्लायवुडसारखी, डिंक, उष्णता व दाब यांनी बनलेली सामग्री आणि 6 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यांना सूट आहे.

दुसरा मार्ग मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचा. हा वायू ओझोनच्या थराला घातक आहे. माँट्रियल करारात त्याचा सर्वसाधारण वापर बंद करताना क्वारंटाइन व जहाजपूर्व वापराला सूट देण्यात आली. एका पर्यावरणीय धोक्यावरचा उपाय दुसरा धोका निर्माण करतो, तो असा. युरोपीय संघाने 2010 साली त्याचा वापर थांबविला. भविष्य उष्णताप्रक्रियेचेच आहे, असे मानण्यास भरपूर आधार आहे.

प्रक्रिया झाल्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत (भारतासाठी 'आयएन'), प्रक्रियाकाराचा क्रमांक आणि उष्णताप्रक्रियेची 'एचटी' ही अक्षरे असलेला शिक्का खोक्याच्या किमान दोन समोरासमोरील बाजूंवर उमटवितात. धोकादायक मालाच्या लेबलांशी गल्लत टाळण्यासाठी त्यास लाल वा नारिंगी रंग वापरू नये, असे मानक सांगते. वेगळ्या कागदी प्रमाणपत्राची जागा हा शिक्का घेतो. भारतात प्रक्रियाकारांना मान्यता देण्याचे काम फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन व साठवणूक संचालनालय करते. भारतात येणाऱ्या लाकडी वेष्टनांनाही 2003 च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशान्वये अशाच अटी लागू आहेत.

खरा प्रश्न खर्चाच्या वाटणीचा आहे. वेष्टन बनविण्याचा व्यवसाय बहुतांशी लहान कारखानदारांच्या हाती आहे. गांधीधाम परिसरातील आयात लाकडाच्या वखारी असोत वा केरळातील रबराच्या लाकडावर चालणारे कारखाने, बॉयलर, बंद कक्ष, नोंदयंत्रे आणि वार्षिक तपासणी हा बोजा प्रत्येकाला परवडत नाही. ज्याच्याकडे कक्ष नाही तो मान्यताप्राप्त प्रक्रियाकाराकडे शुल्क भरून माल पाठवितो. ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र ती बंदरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांत पुरेशी पोचली नाही, तर वाहतुकीचा खर्च लहान उत्पादकाच्या नफ्यातून जातो. औद्योगिक वसाहतींत सामाईक कक्ष उभारणे हा अनुदानाचा अधिक सयुक्तिक उपयोग ठरेल.

यातूनच मोह निर्माण होतो. शिक्का म्हणजे रबराचा ठसा वा तापलेले लोखंड. तो भट्टी न पेटविताही मारता येतो. अशा खोक्यातून किडी निघाल्यास आयातदार देश ते वेष्टन नष्ट करू शकतो अथवा सारा माल परत पाठवू शकतो. अमेरिकेने 2005-06 पासून याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी केली. काही हजार रुपयांच्या खोक्यापायी लाखो रुपयांचे यंत्र परत फिरते. शिवाय त्या शिक्क्यावर देशाचे नाव असल्याने पुढील प्रामाणिक निर्यातदाराची पेटीही अधिक बारकाईने उघडली जाते.

जुन्या पॅलेटांच्या बाबतीत नियम थोडा निराळा आहे. बदल न करता ते पुन्हा वापरल्यास नव्याने प्रक्रिया लागत नाही. एक तृतीयांशापर्यंत भाग बदलल्यास ती दुरुस्ती समजतात. बदललेली प्रत्येक फळी प्रक्रिया केलेली व स्वतंत्र शिक्का असलेली हवी. त्याहून अधिक भाग बदलल्यास जुने सर्व शिक्के कायमचे पुसून संपूर्ण पॅलेट पुन्हा भट्टीत घालावे लागते.