पहिल्या घटका घराच्याच

(राजुरी, ता. जुन्नर येथे कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



३० जुलै २०१४ च्या सकाळी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे जीव मातीखाली गेले. त्या मार्गावरील एसटीच्या चालकाला नेहमीचे गाव दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी चिखलात, पावसात अहोरात्र कष्ट उपसले. तरीही मदत कितीही तत्पर असली, तरी तिला वाट कापावी लागते. तोवरच्या घटका कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्याच असतात.

डोंगर खचू लागल्यावर घरातील सामग्री उपयोगी पडत नाही. तेथे वेळीच घर सोडणे हाच उपाय. परंतु गॅसगळती, आग, सर्पदंश, उसात दडलेला बिबट्या, दोन-तीन दिवस खंडित झालेली वीज, ही संकटे आपल्या उंबरठ्याशीच आहेत. त्यांच्यासाठी तयारी निश्चित करता येते, आणि तिला मोठा खर्चही नाही.

येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. आधार, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. एक संच परगावच्या नातलगांकडे द्यावा. आजी-आजोबांची आठवड्याची औषधे, विजेरी, कोरडा शिधा जवळ असावा. माणशी रोज किमान तीन लिटर पाणी धरले, तर पाच जणांना तीन दिवसांस ४५ लिटर लागते. ११२, रुग्णवाहिकेचा १०८, वनविभागाचा १९२६ आणि गॅसगळतीसाठी १९०६ हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. बंद पडलेल्या मोबाइलमधील क्रमांक कामाचे नाहीत. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, हे आजच विचारून ठेवावे. दंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ न्यावे.

मग कामे वाटून घ्यावीत. मेन स्विच कोणी बंद करायचा? रेग्युलेटर कोणी? आजीचा हात कोणी धरायचा? बाहेर पडून सर्वांनी कोठे जमायचे? शेजारी एकटे वृद्ध राहत असतील, तर त्यांचे नावही या यादीत असावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीत, याची उजळणी व्हावी.

आपण घराला कुलूप लावतो, तेव्हा कोणी त्यास भित्रेपणा म्हणत नाही. ही तयारीही तशीच आहे. रविवारी सुरुवात करावी, एवढी विनंती करून मी थांबतो.