पडणारा बर्फ, पडलेला बर्फ

हवामानाचा अंदाज हा आपल्याकडे थट्टेचा विषय. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आपला शेतकरी नुसत्या 'पाऊस येणार' एवढ्या बातमीवर पेरणी करत नाही. पाऊस किती झाला, जमिनीत ओल किती खोल गेली, वापसा आला की नाही, हे तो पाहतो. आभाळाची बातमी वेगळी आणि जमिनीची वेगळी. बर्फाचेही नेमके तसेच आहे.

महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात असंख्य कुटुंबे गुलमर्गला जातात. श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवरचे हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून 'गंडोला' नावाची ट्रॉली दोन टप्प्यांत वर नेते. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत. दुसरा २००५ साली, अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ३,९५० मीटरवर. जगभरचे स्कीइंगवाले या दुसऱ्या टप्प्यासाठी येतात. आणि अंदाज समजून घेण्याची खरी गरजही तिथेच आहे.

काश्मीरचा बर्फ आपल्या मोसमी पावसाच्या ढगांतून येत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले वाऱ्याचे आवर्त इराण, अफगाणिस्तान ओलांडत पूर्वेकडे येतात आणि पीरपंजाळच्या रांगांना अडखळून आपले ओझे उतरवतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. असा विक्षोभ येतो आहे, हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. पण कोणत्या उतारावर किती बर्फ साचेल, हे इतक्या आधी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून अंदाज वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, थंडी किती. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. गावात शून्य अंश असेल तर वर अफरवटवर उणे आठच्या आसपास. त्यामुळे खाली ओला, चिकट बर्फ किंवा चक्क पाऊस, आणि त्याच वेळी वर कोरडी भुकटी, असे सहज घडते. दुसरी गोष्ट, बर्फात पाणी किती. दहा सेंटीमीटर ताजा बर्फ वितळला तर ढोबळमानाने एक सेंटीमीटर पाणी निघते. थंडी कडक असेल तर त्याहून कमी. नुसत्या सेंटीमीटरवरून बर्फाचे वजन कळत नाही.

तिसरी गोष्ट वारा, आणि नेमकी तीच आपण वाचत नाही. अंदाजात तीस सेंटीमीटर लिहिलेले असते. वारा तो बर्फ एका अंगाने खरवडून काढतो आणि डोंगराच्या पाठीमागच्या अंगाला, आडोशाच्या उतारावर, नेऊन रचतो. तिथे थर दुप्पट-तिप्पट होतो.

हे झाले पडणाऱ्या बर्फाचे. पडलेल्या बर्फाची गोष्ट आणखी खोल आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मिरात 'चिल्ले कलां' असतो, म्हणजे ऐन कडाका. त्या काळात बर्फाचा थर पातळ असेल आणि आकाश निरभ्र राहिले, तर तळाचे कण सुटे होतात, जाडसर साखरेसारखे. एकाला एक धरत नाही. त्यावर नवा जड थर पडला, की भुसभुशीत पायावर भिंत बांधावी तशी अवस्था होते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ती भिंत एका माणसाच्या वजनानेही सुटते. अपघातात सापडणाऱ्या स्कीअरपैकी बहुतेकांनी तो कडा स्वतःच किंवा सोबत्याने सोडवलेला असतो.

हिमस्खलनाच्या धोक्यासाठी एक ते पाच अशी श्रेणी जगभर वापरतात. तीन म्हणजे मधला आकडा, म्हणजे चालण्यासारखे, असे आपल्याला वाटते. पण परीक्षेतल्या गुणांचा हिशेब इथे लागू नाही. प्रत्येक पायरीवर धोका पटीने वाढतो आणि कित्येक मृत्यू याच तीनच्या दिवशी होतात. पाच असेल तर कुणी घराबाहेरच पडत नाही! बर्फ थांबून लख्ख ऊन पडलेला पहिला दिवस सर्वांत मोहाचा, आणि बरेचदा तोच सर्वांत घातक. नव्या थराला बसायला अजून वेळ मिळालेला नसतो.

८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमकडा कोसळून लष्कराच्या उंचावरील युद्धशाळेचे डझनाहून अधिक जवान गेले. बर्फात राहण्याचे शिक्षण घेणारी ही माणसे होती. १ फेब्रुवारी २०२३ला पोलंडचे दोन स्कीअर अफरवटवर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ला तिथेच एक रशियन. गाडला गेलेला माणूस जिवंत निघण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. नंतर ती झपाट्याने ओसरते. म्हणजे वाचवणारा तुमच्या शेजारचाच असावा लागतो, खालून येणारी मदत नव्हे.

आणि बर्फ आलाच नाही तर? जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची कुरणे महिनाभर तपकिरी राहिली. काश्मीरभर बर्फासाठी नमाज अदा झाली. घोडेवाला, स्लेज ओढणारा, हॉटेलातला पोरगा, सगळ्यांची चूल त्या आभाळावर. पहिल्या बर्फाला तिथे एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात ते उगीच नाही. २०२५मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

तेव्हा मित्रहो, गुलमर्गला जाल तेव्हा श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहा, हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो तोही विचारा. दुसऱ्या टप्प्याची ट्रॉली वाऱ्यामुळे किंवा धोक्यामुळे बंद असली की खिडकीपाशी तंटा सुरू होतो. "इतक्या लांबून आलो, पैसे भरले." लांबून आलो हे खरे, पण डोंगराला ते ठाऊक नाही. 'आज बंद' ही पाटीसुद्धा एक अंदाजच आहे, आणि ती लावणाऱ्याने त्या दिवसाची आपली कमाई सोडून लावलेली असते. तिचा मान राखावा. वर जायचेच असेल तर उतार ओळखणारा स्थानिक माणूस सोबत घ्यावा, आणि तो "आज नको, जनाब" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.