परसातील पपई



आज बोलण्यासाठी विषय घेतला आहे तो पपईचा. एवढ्या मोठ्या सभेत एवढ्या स्वस्त फळाचे काय सांगणार, असे आपणांस वाटेल. पण ज्याचे कच्चे फळ आपल्या घरांत कबाबासाठी हमखास आणले जाते आणि ज्याचे पिकलेले फळ घरातील गरोदर सुनेला दाखवलेही जात नाही, असे दुसरे झाड मला तरी माहीत नाही.

मोरीच्या पाण्यावर वाढते म्हणून पपई इथलीच असे आपण धरून चालतो. ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेची. सोळाव्या शतकात स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांनी ती पूर्वेकडे आणली. लिन्शोटेन नावाचा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. हे फळ स्पॅनिशांच्या मुलखातून मलाक्कामार्गे हिंदुस्थानात आले, असे त्याने आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले आहे. उत्तरेत याला एरंड खरबूज म्हणतात, ते पानांवरून. नवख्या पाहुण्याला लोकांनी आपल्या ओळखीचे नाव दिले, इतकेच.

आता चिकाकडे वळू, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. हिरव्या फळाला चीर दिली की दुधासारखा चीक येतो. त्यात पपेन नावाचा पाचक पदार्थ असतो. १८७९ साली फ्रान्समध्ये वुर्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. मांसातील प्रथिनांचे धागे तो तोडतो. खिम्याला कच्च्या पपईचे वाटण लावून ठेवले की कबाब मऊ होतात ते यामुळे. आणि वाटण लावून रात्रभर विसरले की सकाळी खिम्याचा लगदा हाती येतो तोही यामुळेच. आपल्या आया-बहिणींना रसायनशास्त्र न शिकताही किती वाटण आणि किती वेळ याचा अंदाज असतो. त्याचे कौतुक कोणी करत नाही, ते मी इथे करतो.

हा चीक साधासुधा नाही. तो काढणाऱ्या मजुरांच्या हातांची कातडी सोलते. यातूनच काढलेले एक द्रव्य पाठीच्या मणक्यातील सरकलेल्या चकतीत टोचण्यास अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली होती. २००३ साली त्याची विक्री बंद झाली. तेव्हा गरोदर स्त्रीने कच्ची पपई खाऊ नये, ही जुन्या बायकांची ताकीद पोकळ नाही. प्रयोगशाळेतही या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, असे दिसले आहे.

परंतु फळ पिकत जाते तसा चीक आटत जातो. पूर्ण पिकलेल्या, सर्वांगाने पिवळ्या झालेल्या फळात तो जवळजवळ उरत नाही. कच्च्याची भीती पिकलेल्यावर लादली गेली आणि ज्यांना या फळाची सर्वांत गरज, त्यांच्याच ताटातून ते उचलले गेले. शंभर ग्रॅम गरात साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भाजी-भाकरीतील लोह अंगी लागण्यास त्याची मदत होते. रातांधळेपणा टाळणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा कच्चा मालही त्यात आहे. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला महागडी टॉनिके आणायची आणि जेवणानंतरची पपईची फोड ‘उष्ण’ म्हणून नाकारायची, हे मला पटत नाही. गरोदरपणी हिरवट किंवा अर्धवट पिकलेले फळ मात्र नकोच. शंका वाटल्यास डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

घरी लावायची असेल तर थोडे लक्षात ठेवा. बियांवरचे बुळबुळीत आवरण राखेने चोळून काढा, नाहीतर उगवण रखडते. बी सावलीत सुकवा. (सुकलेले बी मिऱ्यासारखे दिसते, हे भेसळ करणाऱ्यांना आपल्या आधी कळले!) बाजारातील तैवान ७८६ सारख्या संकरित फळाच्या बियांपासून तसेच फळ मिळेल, या भरवशावर राहू नका. रोप नर की मादी हे फुले येईपर्यंत ओळखता येत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात. लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस आले तर तो नर. मादीची फुले खोडालगत बसतात. तिसरा प्रकार उभयलिंगी, त्याची फळे लांबट असतात व त्याला जोडीदार लागत नाही. म्हणून सगळे नर उपटण्याची घाई करू नका. माद्याच असतील तर जवळपास एखादा राहू द्या.

मोरीचे पाणी चालेल, पण बुंध्याशी साचू देऊ नका, मुळे कुजतात. माती थोडी चढवून रोप उंचवट्यावर लावा. लावल्यापासून साधारण दहा महिन्यांनी पहिले फळ उतरते.