गोड कमी

मी तंजावरहून बोलतोय. वय 76. बँकेत नोकरी केली, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. माझं मराठी तुम्हाला जरा निराळं वाटेल. बोलता बोलता मध्येच तमिळ शब्द येतो आणि तो तमिळ आहे हे माझ्या लक्षातही येत नाही. पुस्तकासाठी हे भाषण उतरवून घेताना माझ्या पुण्याच्या नातीनं बरेच शब्द सरळ केलेत. त्यामुळे छापलेलं मराठी माझ्यापेक्षा शहाणं आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही तंजावरचे? मग मराठी कुठे शिकलात? छान बोलता हो!" मी म्हटलं, "आईकडे शिकलो." ते हसले, मीही हसलो. त्यांचा दोष नाही. व्यंकोजीराजे तंजावरला आले ते 1675-76च्या सुमारास. 1855 साली शेवटचे शिवाजीराजे गेले, मुलगा नव्हता, कंपनीनं राज्य खालसा केलं. राज्य गेलं, पण राज्याबरोबर आलेली माणसं इथेच राहिली. दप्तरं लिहिणारे, देवळात कीर्तन करणारे, वाड्यात स्वयंपाक करणारे. इथले लोक आम्हाला 'रायर' म्हणतात.

माझा दिवस साधा आहे. पहाटे उठतो, फिल्टर कॉफी घेतो, मोठ्या देवळात फिरायला जातो. राजराज चोळानं हजार वर्षांपूर्वी बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ, आम्ही त्याला मोठं देऊळच म्हणतो. तिथे भिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. 1803 साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. मी रोज दोन-चार ओळी मोठ्यानं वाचतो. घरी आता मराठीत बोलायला कुणी नाही, म्हणून भिंतीशी बोलतो म्हणा ना.

माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. ती कुंभकोणमची. आमचं पंचेचाळीस वर्षांचं बोलणं मराठीत झालं. ती गेली आणि घरातलं मराठी एका दिवसात थांबलं. मुलगा चेन्नईला असतो. सूनबाई तमिळ आहेत, फार मायेच्या. नातवाला मराठी येत नाही. मी कुणाला दोष देत नाही. मुलाशी मराठीत बोलायचं काम तिनं केलं, नातवाशी बोलायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. सोपं पडलं म्हणून तमिळमध्येच बोललो.

तिच्या मागे एक वही राहिली. स्वयंपाकाची. निळ्या पुठ्ठ्याची, हळदीचे डाग पडलेली. दोन वर्षं मी ती उघडली नाही.

आता गंमत ऐका. आमच्या पिढीत मराठी बोलायचं असे, लिहायचं नसे. आमचे पूर्वज मोडी लिहीत. नंतर मोडी गेली आणि शाळा तमिळ झाली. मला देवनागरी येते ती दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या म्हणून. बायकोनं त्या दिल्या नव्हत्या. त्यामुळे तिची वही मराठीत आहे, पण अक्षरं तमिळ.

तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. प, फ, ब, भ यांनाही एकच. त, थ, द, ध यांचंही तेच. म्हणजे 'तीळ भाजून' लिहिलं तर 'तीळ पाजून' असंही वाचता येतं. 'भात' आणि 'पात' दिसायला सारखेच. ज्याला मराठी येतं त्याला अडत नाही. पण माझ्या नातवाला अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. पुण्याला माझ्या भाचीची मुलगी आहे, तिला शब्द येतात, अक्षरं येत नाहीत. दोन्ही येणारा, रोज रिकामा असणारा माणूस मी एकटा. आणि मी काय, किती दिवसांचा?

मागच्या उन्हाळ्यात नातू सुट्टीला आला. त्यानं वही बघितली, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "ताता, हे तमिळ नाही!" त्या संध्याकाळी आम्ही पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तो एकेक अक्षर वाचायचा, ती पलीकडून शब्द ओळखायची आणि देवनागरीत लिहून घ्यायची. "तीळ पाजून" आलं तेव्हा ती इतकी हसली की फोन पडला. अडलं की दोघं मला विचारत. डांगर पचडी झाली, गोळ्याची आमटी झाली, सार झालं. रोज एक-दोन पानं.

मग पुरणपोळीचं पान आलं. सगळी कृती लिहून झाल्यावर खाली वेगळ्या शाईनं दोन शब्द होते. नातवानं वाचलं, "कोड कमी." पुण्याची म्हणाली, "कोड? कोड कसं कमी होईल?" तिनं 'खोड' करून पाहिलं. ते चाललं नाही. मला मात्र लगेच कळलं. 'गोड कमी.' आणि पुढे लिहिलं होतं, 'ह्यांना.'

मला साखरेचा आजार निघाला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दर होळीला मी तिला म्हणत असे, "पुरण आईसारखं होत नाही गं तुझं." ती काही बोलत नसे, वाढत असे. मला वाटायचं, तिचा हात बिघडला. तिनं गूळ कमी केला होता आणि मला कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर मी खाल्लं नसतं. ते दोन शब्द वाचायला मला तिच्यामागे दोन वर्षं लागली. त्या दिवशी मी कॉल लवकर बंद केला.

इथे राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे हजारो हस्तलिखितं आहेत, मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. सरफोजीराजांच्या काळचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी पाकग्रंथही तिथूनच छापून निघाला. राजाच्या स्वयंपाकाची वही जपायला ग्रंथालय असतं. माझ्या बायकोची वही जपायला दोन मुलं आणि एक फोन होता. पण काम एकच. वाचू शकणारा माणूस आहे तोवर वाचून घ्यायचं. मोडीच्या गठ्ठ्यांपुढे आज लोक बसतात, तेव्हा त्यांना विचारायला लिहिणारा कारकून हयात नसतो. मला निदान नातवाशेजारी बसता आलं.

वही अजून पुरती झालेली नाही, चौदा पानं राहिलीत. नातू आता फोनवर मला मराठीत विचारतो, "जेवलात का?" 'जेवलात'मधला 'ज' त्याला अजून नीट जमत नाही. मी दुरुस्त करत नाही. जेवलो म्हणतो.

तुमच्यापैकी कुणी बंगळूरला असेल, कुणी बडोद्याला, इंदूरला, हैदराबादला. घरात अशी एखादी वही असेल, पत्रं असतील, मोडीत किंवा कन्नडमध्ये किंवा आणखी कशात. या आठवड्यात काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसा आणि एक पान वाचून घ्या. एकच. आणि पानाच्या खाली वेगळ्या शाईनं काही लिहिलेलं असेल, तर तेही विचारा.